खडकासोबत आलेला प्रत्येक जीव शत्रू नसतो

सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी असलेली घरे अजून थोडीच आहेत. त्यामुळे कोणी नवी टाकी लावली की फोनवर फिरणारा एक संदेश त्याच्यापर्यंत हमखास पोहोचतो. त्यात म्हटलेले असते की लाइव्ह रॉकमधून, म्हणजे टाकीत ठेवण्यासाठी आणलेल्या, जिवंत जीवांनी भरलेल्या समुद्री खडकातून, आलेला प्रत्येक अनोळखी जीव घातक असतो, तो दिसताक्षणी मारावा, आणि पूर्ण खात्री हवी असेल तर खडक आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा किंवा उकळून घ्यावा. हे सारेच मला चुकीचे वाटते. पण खडक उकळण्याचा सल्ला माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लाइव्ह रॉकवर पॅलिथोआसारखे झोअँथिड गटातील (समुद्रफुलांचे नातलग असलेले) जीव चिकटलेले असू शकतात आणि त्यांतील काहींच्या शरीरात पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून ते श्वासात जाते. असे खडक उकळल्यामुळे घरातील माणसांना ताप आणि धाप लागून रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ज्या गॅसवर घरच्यांसाठी भाकरी भाजली जाते, त्यावर हा प्रयोग कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोड्या पाण्याने हा धोका नसला तरी नुकसान मोठे होते. खडकाच्या छिद्रांत राहणारे असंख्य लहान जीव त्यात मरतात, आतच कुजतात आणि टाकीत अमोनिया वाढतो. समुद्री टाकीचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच व तापमान जितके जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टाकीचे पाणी थंड ठेवणे हेच मोठे काम असते. त्यात नळाला रोज पाणी येत नसताना वारंवार पाणी बदलण्याची वेळ ओढवून घेणे शहाणपणाचे नाही.

आता ‘प्रत्येक जीव घातक’ या विधानाकडे वळू. सर्वाधिक भीती ब्रिसल वर्मची वाटते, कारण तो केसाळ गोमेसारखा दिसतो. प्रत्यक्षात टाकीत आढळणारे बहुतेक ब्रिसल वर्म उरलेले अन्न आणि मेलेले मासे खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात. मेलेल्या माशाभोवती ते गोळा झालेले दिसतात, आणि त्यावरून त्यांनीच मासा मारला असा गैरसमज होतो. प्रवाळ खाणारा फायरवर्म हा त्यांच्याच कुळातला असला तरी तो क्वचित येतो. या अळ्यांचे केस बोटात रुतून आग होते, म्हणून त्यांना चिमट्यानेच धरावे. पण बोटाला टोचतो म्हणून ब्रिसल वर्म टाकीचा शत्रू ठरत नाही. काचेवरील पांढऱ्या, गुंडाळलेल्या टिंबांएवढ्या नळ्या स्पायरॉर्बिड अळ्यांच्या असतात व त्या पाणी गाळून अन्न मिळवतात. कोपेपॉड हे अगदी बारीक कवचधारी जीव तर मँडरिन माशाचे मुख्य अन्नच आहेत.

‘दिसताक्षणी मारा’ हा सल्ला खऱ्या उपद्रवी जीवांच्या बाबतीतही फसतो. एप्टेशिया हे तपकिरी समुद्रफूल खरोखर त्रासदायक असते, इतर प्रवाळांना डंख करून ते जागा बळकावते, हे मला मान्य आहे. मात्र ते सुरीने खरवडले तर मागे राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुले उगवतात. त्यावर पेपरमिंट कोळंबी, एप्टेशियावरच जगणारी बर्घिया ही समुद्री गोगलगाय किंवा सिरिंजने तोंडाशी सोडलेले दाट काल्कवासर (चुन्याचे पाणी) हे उपाय चालतात. तांब्याचे औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालू नये. ते कोळंबी आणि प्रवाळही मारते व खडकात मुरून राहते.

मँटिस कोळंबी आणि काळ्या टोकांच्या नांग्यांचे केसाळ खेकडे बहुधा बाहेर काढावेच लागतात. परंतु रात्री टकटक आवाज आला म्हणजे मँटिसच आहे असे नाही, निरुपद्रवी पिस्टल कोळंबीही तसाच आवाज करते; आणि फांद्यांच्या प्रवाळात बसलेला ट्रॅपेझिया खेकडा त्या प्रवाळाचे रक्षण करतो. म्हणून दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चला लाल कागद लावून पाहावे, कारण लाल प्रकाश यांतील बहुतेकांना फारसा जाणवत नाही. नांगीचा आकार, अंगावरील केस आणि तो जीव नेमके काय खातो हे टिपून छायाचित्र घ्यावे. शंका असेल तर त्या जीवाला सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या छोट्या टाकीत, ठेवता येते. तिथे तो कोणालाही त्रास देत नाही आणि ओळख पटेपर्यंत जिवंतही राहतो.