सोलापुरात एक दिवस तरी थांबा की!

परवा ऑफिसात एकानं विचारलं, "अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करतोय. सोलापुरात बघण्यासारखं काय आहे गं?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा म्हणाला, "काही नाही. स्टँडवर गाडी बदल आणि पुढं हो."

वीस वर्षं झाली मला पुण्यात, पण हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं. तीन देवांच्या मधलं स्टँड, एवढीच काय ती आमच्या गावाची ओळख! बरं, मुंबईहून वंदे भारतनं आलात तर गाडी पोचते रात्री उशिरा. म्हणजे झोपायचं सोलापुरातच. मग सकाळी उठून लगेच अक्कलकोटची जीप कशाला धरायची? ते चाळीसेक किलोमीटरवर आहे. दुपारनंतर निघालात तरी स्वामी भेटतात.

सकाळी आधी सिद्धेश्वर. चारी बाजूंनी तळं आणि मधोमध मंदिर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी इथंच आहे. उन्हं वर यायच्या आत जा, पाण्यावर पक्षी असतात. तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला. संक्रांतीला आलात तर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच सात नंदीध्वज तोलत चालतात, ते लिहून कळायचं नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र कृपा करून येऊ नका. पारा चाळिशीच्या वर, आणि नंतर आम्हालाच नावं ठेवाल.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पाच मिनिटं थांबा. मे १९३० मध्ये हे गाव इंग्रजांच्या हातातून काही दिवस पार निसटलं होतं. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं सलग वाचा, सोलापूर कुणाकुणाचं आहे ते कळतं. आजही रिक्षावाला एका गिऱ्हाइकाशी कानडी, दुसऱ्याशी तेलुगू आणि तुमच्याशी "कुठं जायलालाव?" असं बोलतो. ही चूक नाही, हेच आमचं मराठी.

आता खाणं. याच्यासाठीच लिहायला बसले खरं तर.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. हे एकदाचं सांगून टाकते, कारण पुण्यात निम्म्या लोकांना तसंच वाटतं. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर पार वाळवायची. महिनाभर टिकते. आमच्याकडं ती ताटात मोडतात. मोडताना टाचेखाली वाळकं पान यावं तसा आवाज येतो. वरून गरम आमटी, कच्चा कांदा, बाजूला घट्ट दही आणि शेंगाचटणी. आमटी ओतल्यावर फार थांबायचं नाही. काही तुकडे मऊ झालेले, काही अजून कुरकुरीत, तेवढ्यातच खायचं.

शेंगाचटणीचं वेगळं शास्त्र. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बस. पण कुटायची खलबत्त्यात, दाण्याला तेल सुटेपर्यंत. मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि कागदावर ठेवली की खाली तेलाचा डाग उमटला पाहिजे. मिक्सरमधून निघतो तो लाल भुसा. मटण खाणारे असाल तर रात्री एखादी सावजी खानावळ गाठा आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. सणाला कुणाच्या घरी बोलावणं आलंच तर हुग्गी सोडू नका. ही गव्हाची खीर, गुळातली, वर तुपाची धार.

चादर घेणार असालच तर पूर्व भागात जा. तिथं गल्लीत शिरलं की माग आधी ऐकू येतात, दिसतात नंतर. आता बरेच माग टॉवेलच विणतात, पण चादरही मिळते. खरी चादर ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ती उलटी करा. सुलट बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून मोर दिसला पाहिजे. विणलेली नक्षी आहे ती, छापलेली नाही. माझ्या जाऊबाईंनी हायवेवरच्या एका ढाब्याशेजारून 'अस्सल सोलापुरी' चादर घेतली. पहिल्याच धुण्यात सासऱ्यांचे दोन सदरे गुलाबी झाले. मामंजी अजून मलाच विचारतात, "तुमच्या गावची ना गं ती?"

तर त्या ऑफिसातल्या भावड्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुला काय आणू?"

अर्धा किलो चटणी आण बाबा. पण आधी मुठीत दाबून बघ. गोळा झाला नाही तर तिथंच ठेवून ये.