जगाचा इतिहास शिकवायचाय? आधी प्रोजेक्टरची वायर शोधा

अभिनंदन सर, अभिनंदन मॅडम, जगाचा इतिहास यंदा पण तुमच्याच गळ्यात पडलाय. भूगोलाच्या मॅडम रजेवर, मराठीच्या सरांनी आधीच हात वर केलेत, आणि मुख्याध्यापक म्हणाले की अहो तुम्ही वाचता ना थोडंफार, मग घ्या की. वर जाता जाता हे पण म्हणाले की आता तर सगळं ऑनलाइन फुकट मिळतं, जरा इंटरेस्टिंग करून शिकवा. तर हे इंटरेस्टिंग प्रकरण अंगावर न येऊ देता वर्ष कसं काढायचं, त्यासाठी हा लेखनप्रपंच.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. ऑनलाइन मटेरियल टुकार असतं म्हणून जपायचं, असं अजिबात नाहीये. त्यातलं बरंचसं भलतंच चांगलं आहे आणि खरी भीती तीच आहे. चांगलं काही हातात पडलं की पोरं वाचतात, वाचलं की विचारतात, विचारत बसली की तास संपतो आणि पोर्शन तिथल्या तिथे. म्हणून मूळ कागद पोरांच्या हाताला लागू द्यायचा नाही, हे आधी पक्कं करा. मूळ कागदाबद्दल कोणीतरी लिहिलेलं, त्यावरून कोणीतरी काढलेल्या नोट्स, आणि त्या नोट्सच्या पीपीटीचा तुम्ही मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, एवढं अंतर राखलं की निर्धास्त.

हम्मुराबीचंच घ्या. बॅबिलोनचा राजा, कायदे केले, डोळ्याला डोळा दाताला दात, लिहून घ्या, पुढे चला. दोन मिनिटांचं काम. पण येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्ट नावाच्या साइटवर त्या कायद्यांचं अख्खं इंग्रजी भाषांतर उघडं पडलंय आणि एखादा उत्साही सर ते वर्गात उघडतो. मग कळतं की कलम १९६ मध्ये बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जातो, पण १९८ मध्ये खालच्या थरातल्या माणसाचा फोडला तर चांदी मोजून सुटका, आणि १९९ मध्ये गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे. म्हणजे दोन मिनिटांत उरकणारी गोष्ट आता कोणाचा डोळा किती रुपयांचा इथवर आली, आणि वर्गात चाळीस पोरं, चाळीस घरची. त्याहून वाईट कलम २२९, बांधलेलं घर पडून मालक मेला तर ते घर बांधणाऱ्याला देहदंड. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न येणार की सर आपल्याकडे बिल्डरला काय होतं. आता संस्थेच्या कार्यकारिणीवर कोण कोण बसलेलं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. डोळ्याला डोळा, दाताला दात. पुढे चला.

व्हिडिओ हा त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार. पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली दहा-बारा मिनिटं प्रोजेक्टरची वायर शोधण्यात जातात, ती प्रयोगशाळेच्या कपाटात असते आणि किल्ली शिपाईकाकांकडे, आणि शिपाईकाका झेरॉक्स आणायला गेलेले. मग आवाज येत नाही, मग वर्गातलाच एक पोरगा येऊन एक बटण दाबतो आणि आवाज येतो, त्याला शाबासकी द्या, त्याचा तंत्रज्ञानाचा तास झाला. व्हिडिओ निवडताना असा निवडा की ज्यात एक अमेरिकन माणूस श्वास न घेता बोलतो आणि अख्खं रोमन साम्राज्य बारा मिनिटांत बुडवतो. खाली सबटायटल आपोआप येतात, त्यात सीझरचं काय वाट्टेल ते होतं, होऊ द्या. आणि काही झालं तरी पॉज करू नका! पॉज केला की शांतता होते आणि शांततेत कोणीतरी हात वर करतं. स्टॅनफर्डमधल्या लोकांनी तर याच्या उलटच धडे तयार करून फुकट ठेवलेत, एकाच घटनेबद्दलचे दोन-तीन एकमेकांशी न जुळणारे कागद द्यायचे आणि मुलांनाच ठरवू द्यायचं की कोणावर किती भरवसा ठेवायचा. आता मला सांगा, पोरं हे शिकली तर उद्या तुमच्या नोट्सवर भरवसा कोण ठेवेल?

व्हिडिओनंतर क्विझ घ्या, मोबाइलवरची, जिच्यात घड्याळ टिकटिक करतं आणि जो आधी दाबेल त्याला जास्त मार्क. फ्रेंच राज्यक्रांती कोणत्या साली, १७८७, १७८८, १७८९, १७९०. पोरं किंचाळतात, बाजूच्या वर्गातल्या मॅडम डोकावून जातात, मुख्याध्यापकांना वाटतं वा काय ॲक्टिव्ह लर्निंग चाललंय. १७८८ ला गारपिटीने पीक झोपलं आणि पुढच्या वर्षी पावाचा भाव मजुराची जवळजवळ सगळी कमाई खायला लागला, असल्या गोष्टी चार पर्यायांत बसत नाहीत, सोडून द्या. त्याऐवजी राणी म्हणाली पाव नाही तर केक खा, हे घ्या, ते सगळ्यांना पाठ असतं. ते वाक्य तत्त्वज्ञ रूसोने आपल्या आत्मचरित्रात कोण्या एका मोठ्या राजकन्येच्या नावावर टाकलंय आणि ते लिहिलं तेव्हा ही राणी, मारी आंत्वानेत, अजून ऑस्ट्रियात खेळत होती, फ्रान्सला आली ती १७७० मध्ये. पण एवढं सांगत बसलात तर क्विझचा टायमर संपेल. तीच गोष्ट चीनच्या भिंतीची. अंतराळातून दिसते म्हणून दरवर्षी शिकवायचं. चीनचा स्वतःचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये वर जाऊन आला आणि म्हणाला मला काही दिसली नाही, पण तो आपल्या प्रश्नपेढी समितीवर नव्हता.

आता एआय पण आलंय, त्यामुळे तर मजाच आहे. नेपोलियनशी चॅट करा म्हणून ॲक्टिव्हिटी देता येते. पोरं विचारतात तू वॉटर्लूला का हरलास आणि नेपोलियन अत्यंत नम्रपणे, मुद्देसूद, शेवटी अजून काही मदत हवी आहे का असं विचारून उत्तर देतो. खरी पत्रं, त्या वेळचे खरे नकाशे, सगळं जागच्या जागी आहे, पण त्यात हस्ताक्षर वाकडं असतं आणि माणूस पण. चॅटमधला नेपोलियन कसा, कोणाच्याच भावना दुखवत नाही.

नकाशा भिंतीवरचाच वापरा, १५६९ च्या मर्केटरच्या पद्धतीचा, ज्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका साधारण सारखेच दिसतात. आफ्रिका त्याच्या चौदापट आहे आणि देश उचलून दुसऱ्या देशावर ठेवून बघायची एक साइट पण आहे, पण भारत उचलून आफ्रिकेवर ठेवला आणि तो छोटासा दिसला तर पालकसभेत विषय निघेल.

एका साइटपासून मात्र खरंच लांब राहा. स्लेव्ह व्हॉयेजेस. अटलांटिकवरून गुलाम वाहून नेणाऱ्या ३६ हजारांहून जास्त सफरींची नोंद तिच्यात आहे, जहाजाचं नाव, कप्तान, कुठून निघालं, कुठे लागलं, किती माणसं चढवली आणि किती उतरवली. अंदाज असा की साधारण १ कोटी २५ लाख माणसं चढवली आणि १ कोटी ७ लाखांच्या आसपास उतरली. वजाबाकी पाचवीतल्या पोराला पण येते. मी बघितलंय, ही वजाबाकी फळ्यावर केली की वर्गात कोणी किंचाळत नाही, कोणी बटण दाबत नाही, आणि मग तुम्हाला पुढचा मुद्दा काढताच येत नाही. त्यापेक्षा युरोप-आफ्रिका-अमेरिका अशा त्रिकोणी व्यापाराची आकृती काढा, तीन बाण, नावं द्या, तीन मार्क.

इथपर्यंत ठीक आहे, कारण हे सगळं लांबचं. खरी पंचाईत तेव्हा होते जेव्हा जगाचा इतिहास चालत चालत आपल्याच गावात येतो. एखादी मॅडम असते जिला ऑनलाइन शोधता शोधता कळतं की पाँपेईत, म्हणजे सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या गावात, १९३८ ला एक हस्तिदंती बाई सापडली, भारतीय घडणीची, आता ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला पण सापडल्यात. झालं. मग ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाची वही उघडते, पेरिप्लस, तीही ऑनलाइन आहेच, त्यात लिहिलंय पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तेर तिथून पूर्वेला अजून दहा दिवसांवर, माल गाड्यांवरून यायचा. आणि धाराशिव जिल्ह्यातली पोरं, ज्यांना आजपर्यंत वाटत होतं की इतिहास नेहमी दुसऱ्यांच्या गावात घडतो, ती सहल तेरला काढा म्हणून मागे लागतात. सहल आपण वॉटर पार्कला नेतो. ठरलेलंय.

वऱ्हाडात असाल तर अमेरिकेची यादवी ऑप्शनला टाका. १८६१ ला युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि भाव चढला तो आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला. मुंबईत पैसा इतका आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे मिटून घेत होते, प्रेमचंद रायचंद त्यातला सगळ्यात मोठा खेळाडू, आणि १८६५ ला तिकडे लढाई थांबली तसं इकडे सगळं बसलं. यवतमाळच्या वर्गात हे सांगितलं की पोरं लिंकनवर थांबत नाहीत, थेट या वर्षीच्या भावावर येतात आणि तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असते. शिक्षकाने असल्या परिस्थितीत स्वतःला का घालावं?

साताऱ्याकडच्या शिक्षकांना वेगळी सूचना. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या साइटवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या १७ लाख माणसांची यादी आहे आणि आडनाव टाकून शोधता येतं, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव पण निघतं. अपशिंगे मिलिटरी, म्हणजे घराघरातून फौजेत गेलेलं गाव, त्याच्या आसपासच्या शाळेत हे केलं तर पहिलं महायुद्ध म्हणजे सारायेवो आणि आर्चड्यूक एवढ्यावर भागणार नाही, कोणाचा तरी खापरपणजोबा इराकमधल्या बसऱ्याच्या यादीत निघेल आणि पोरगं विचारेल तो तिथे कोणासाठी लढत होता. मी तरी याचं एका वाक्यातलं उत्तर अजून कुठल्या गाईडमध्ये वाचलेलं नाही.

फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, ते टाइप केलेलं पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या साइटवर आजही कोणालाही उघडता येतं. एक पान आहे. पण जयंतीला आपण भाषण स्पर्धा घेतोच, त्यामुळे वर्गात वेगळं उघडायची गरज नाही.

आणि डब्यांवर शिकवायचा तर विचारही करू नका. चतुर्थीच्या दिवशी एखाद्या नवख्या सराने विचारलं की आज डब्यात काय, तर खिचडी निघते. साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची पण तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात उतरलेली. कोलंबस १४९२ ला निघाला नसता तर उपवासाला काय खाल्लं असतं, यावर वर्ग दोन तास भांडू शकतो, वसाहतवाद, जहाजं, व्यापार सगळं त्यातच येतं, एक पैसा खर्च नाही, नेट नाही, वायर नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ऑफिसबाहेर पालक उभे, की सर आमच्या आईंनी उपवास सोडलाय, तुम्ही काय शिकवता?

प्रोजेक्ट द्यायचाच असेल तर पिरॅमिड द्या. थर्माकोलचा. तो आई करते, नाहीतर स्टेशनरीवाला तयार विकतो, आणि त्यावर तो बांधणाऱ्या मजुरांबद्दल कोणी काही विचारत नाही. माहिती पहिल्या सर्च रिझल्टमधून उतरवलेली चालेल, फक्त मधे राहून गेलेल्या जाहिरातीची ओळ तेवढी खोडायला सांगा. तपासताना सुवाच्यतेला पाच, सजावटीला पाच, वेळेत दिल्याला पाच, उरलेले आशयाचे, तेही सगळ्यांना सारखे द्या म्हणजे वाद नको.

आणि हे सगळं करताना फोटो काढायला विसरू नका, कारण नवोपक्रमाचा अहवाल भरावा लागतो. मागे बॅनर, पुढे तुम्ही, बाजूला दोन हुशार मुली पिरॅमिड धरून, स्मार्ट बोर्ड चालू दिसला पाहिजे, त्यावर काय चालू आहे हे नाही दिसलं तरी चालेल. फाइल एक एमबीच्या आत ठेवा, नाहीतर पोर्टल घेत नाही, आणि शेवटची तारीख काल होती, पण वाढवतील.