घरटॅक्स थकला म्हणून ऑटोचं पासिंग अडवायचं का?

नागपूरला फोन केला की सध्या घरी एकच वाद, लोक मनपाचा घरटॅक्स भरत नाहीत, मग ज्याची थकबाकी आहे त्याची गाडी आरटीओत अडवा ना, तुमच्या अमेरिकेत तर असंच करतात. भाऊजी तर अगदी ठासून सांगून राहिले होते.

करतात, खरंय. मी व्हर्जिनियात राहतो, इथं गाडीच्या किमतीवर दरवर्षी टॅक्स द्यावा लागतो, तो थकला किंवा पार्किंगचा दंड थकला की काउंटी म्हणजे इथला जिल्हा डीएमव्हीला म्हणजे इथल्या आरटीओला कळवू शकतो आणि मग रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. रजिस्ट्रेशन एक, दोन नाहीतर तीन वर्षांचंच, मुदतीचं स्टिकर नंबरप्लेटवरच, त्यामुळे लोक मुकाट्याने भरतात. टॅक्स गाडीचा आणि अडवली पण गाडीच, हे मला पटतं. चलान बाकी असलं की आपल्याकडेही आरटीओचं काम अडतंच, तेही बरोबरच आहे.

पण घरटॅक्ससाठी हेच केलं तर सापडणार कोण ते बघा. खाजगी कारचं रजिस्ट्रेशन एकदम १५ वर्षांचं, रोड टॅक्सही एकरकमी भरलेला, म्हणजे धरमपेठेत बंगला असून लाखोंचा टॅक्स थकवणाऱ्याला गाडी विकेपर्यंत आरटीओची पायरी चढायची गरजच नाही. आणि पारडीचा ऑटोवाला? त्याचं पासिंग, म्हणजे आरटीओतली फिटनेस तपासणी, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. दोन खोल्यांच्या घराचा टॅक्स राहिला की ऑटो दारात उभा, आणि ऑटो उभा तर टॅक्स भरायचा कशातून? मोठा थकबाकीदार मोकळा, हातावर पोट असलेला अडकला. हा न्याय नाही.

दुसरं म्हणजे नावं. महाल, इतवारीतली किती घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत, बिल त्यांच्याच नावाने येतं, वर तीन भाऊ राहतात, खाली भाडेकरू, फेरफार कोणी केलाच नाही, मग गाडी कोणाची अडवणार? ज्याने कागद नीट करून घेतले नेमका तोच सापडणार.

इथंही चुका होतात. आमच्या शेजारच्या बाईंनी काउंटी बदलली तरी जुन्या काउंटीने टॅक्स लावला, बिल गेलं जुन्या पत्त्यावर, यांना कळलं ते रिन्यूअल अडकल्यावरच. पण त्या नव्या घराचा करारनामा घेऊन काउंटरवर गेल्या, समोरच्या माणसाने तारखा बघितल्या, टॅक्स रद्द केला आणि होल्ड काढला, एकाच खिडकीवर. आपल्याकडे मनपा म्हणणार आरटीओत जा, आरटीओ म्हणणार झोन ऑफिसचं पत्र आणा, आणि तोवर त्या माणसाची रोजी बुडत राहणार. ही एक खिडकी होत नाही तोवर अडवायची भाषाच करू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि अमेरिकेचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या ना. याच व्हर्जिनियात कोर्टाचा दंड थकला की ड्रायव्हिंग लायसन्स सस्पेंड करायचे, गरीब माणूस कामावर कसा जाणार, दंड तरी कसा भरणार, शेवटी २०२० मध्ये ती पद्धतच बंद केली. कॅलिफोर्नियात २०१८ पासून पार्किंगचा दंड थकलेल्या गरीब माणसाला आधी हप्ते पाडून द्यावे लागतात, त्याशिवाय रजिस्ट्रेशन अडवता येत नाही. हे भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही.

टॅक्स बुडवा असं मी म्हणत नाहीये, रस्ते, नाल्या, दिवे त्यातूनच होतात. पण मनपाच्या हातात महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड आहे, जप्ती आहे, लिलाव आहे. ते आधी सगळ्यात मोठ्या थकबाकीदारांवर वापरा, झोनवाइज शिबिरं लावून फेरफार करून द्या, ऑटोवाल्याला हप्ते पाडून द्या. भाऊजी म्हणाले याला दहा वर्षं लागतील. लागू द्या, पण त्या दहा वर्षांत ऑटोवाल्याचं पासिंग अडवू नका.