‘चरचरतंय म्हणजे गुण येतोय’ हे खरं नाही

फेस मास्कबद्दलचा एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: मुलतानी माती, लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवा, त्वचा कशीही असो, हा लेप सगळ्यांना चालतो. पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवा. चरचरलं तर समजा गुण येतोय. रंध्रं उघडतात, विषारी द्रव्यं बाहेर पडतात, रोज लावा. यातल्या काही गोष्टींनी चेहऱ्याला खरोखर इजा होते, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

‘सगळ्यांना चालतो.’ नाही चालत. मातीचं काम तेल शोषण्याचं. तेलकट त्वचेवर ते उपयोगी, पण जिथे मुळातच तेल कमी आहे तिथे ती उरलंसुरलंही ओढून घेते. आपली त्वचा कोणती हे ओळखायला खर्च लागत नाही: सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, काहीही न लावता साधारण तासभर थांबा. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट, ओढल्यासारखं किंवा खरखरीत वाटलं तर कोरडी, फक्त कपाळ-नाक-हनुवटी चमकली तर मिश्र. मिश्र त्वचेवर एकच मास्क पूर्ण चेहऱ्याला फासायची गरज नाही. माती तेवढ्या पट्ट्यात लावा, गालांना क्रीमसारखा मास्क. आणि एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते: तेल कमी असणं आणि पाणी कमी असणं वेगळं. तेलकट त्वचेतही पाण्याची कमतरता असू शकते. वरून चकाकतंय आणि आतून ताणतंय, असं वाटत असेल तर मातीला सुट्टी देऊन पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन किंवा हायल्युरोनिक अ‍ॅसिड असलेला मास्क घ्या. कोरड्या त्वचेला त्यासोबत सिरॅमाइड (त्वचेच्या संरक्षक थरातलं स्निग्ध द्रव्य) असलेलं काही मिळालं तर उत्तम.

मातीतही फरक आहे. केओलिन सौम्य असते, बेंटोनाइट जास्त शोषते. नाजूक त्वचेला माती लावायचीच असेल तर पहिली निवडा.

‘लिंबू आणि सोड्याने त्वचा उजळते.’ मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 4.5 ते 5.5. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, सोड्याच्या द्रावणाचा 8 च्या वर. दोन्ही टोकं त्वचेच्या संरक्षक थराला सोसत नाहीत. ‘एकत्र केले की ते एकमेकांचा परिणाम घालवतात’, असं कुणी म्हणेल. तसं झालंच तर उरतं खारट पाणी, त्यात उजळवणारं काही नाही. आणि चमच्याच्या अंदाजाने प्रमाण जुळत नाही, त्यामुळे आम्ल तरी शिल्लक राहतं नाहीतर सोडा तरी. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याने मळ निघत नाही.

त्यातून लिंबासारख्या फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकोमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे, कधी फोडही येतात, आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन् महिने जात नाहीत. उजळपणासाठी केलेल्या उपायाने नेमकं उलटं घडतं.

‘तडे जाईपर्यंत ठेवा.’ माती ओली असते तोवरच तिचं काम चांगलं चालतं. पाणी उडालं की तो थर आक्रसतो. जो ताण जाणवतो तो या आक्रसण्याचा, त्वचा घट्ट झाल्याचा नव्हे. कडा फिक्या पडू लागल्या, मध्ये अजून ओलसर आहे, तेव्हाच कोमट पाण्याने काढा. बहुधा 10-15 मिनिटं पुरतात. खरवडून काढू नका, आणि लगेच मॉइश्चरायझर लावा.

‘चरचरलं की गुण येतो.’ ग्लायकोलिक अ‍ॅसिडसारखा घटक असलेल्या मास्कने मिनिटभर हलकी चुणचुण होऊ शकते. पण जळजळ वाढत गेली, चेहरा लाल झाला, तर तो दाह आहे. वेळ पूर्ण व्हायची वाट न पाहता धुवा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेने हे विशेष गंभीरपणे घ्यावं, कारण दाह शमल्यावरही तिथे काळे डाग उरण्याची शक्यता जास्त असते. नवा मास्क आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून काही दिवस पाहावा.

‘रंध्रं उघडतात.’ रंध्रांना स्नायू नसतात, ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. साचलेलं तेल निघालं की ती बारीक दिसतात, इतकंच. त्यासाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला मास्क बरा, कारण ते तेलात विरघळतं आणि आतपर्यंत पोहोचतं. तेल किती तयार व्हायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात, मास्क नाही.

विषारी द्रव्यांचा दावा तर सोडूनच द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं.

‘रोज लावा.’ तेलकट त्वचेला मातीचा मास्क आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन लावणाऱ्यांनी आम्लाचे मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा विकार) असेल तरीही आधी विचारा.

हा लेप लावून आधीच चेहरा लाल झाला असेल, तर त्यावर दुसरा घरगुती उपाय करू नका. काही दिवस फक्त सौम्य फेसवॉश, वासविरहित मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच ठेवा. फोड आले, सूज आली किंवा लाली उतरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि नेमकं काय लावलं होतं ते न लाजता सांगा.