बिबट्या दिसला की पेडल मारत सुटायचं नसतं

'डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी : बिबट्या दिसल्यास सहा नियम' हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. खाली 'वनाधिकाऱ्यांच्या सौजन्याने' असं लिहिलंय. नाव, तारीख, पत्रक क्रमांक काहीच नाही. काल तो भाचीने पाठवला आणि विचारलं, "मामा, हे पाठ करून ठेवू ना?" ती दर रविवारी पहाटे सायकल घेऊन ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर जाते. म्हणून हे लगेच लिहितोय.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे. "बिबट्या दिसताच पूर्ण ताकदीने पेडल मारा, सायकल त्याला गाठता येत नाही." बिबट्या ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे धावतो, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. दगडगोट्यांच्या वाटेवर सरावलेला सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर काढतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ मीटर. चढावर त्याच्याही निम्मं. उतारावर ३० गाठले तरी पुढच्या वळणावर ब्रेक लावावाच लागतो. कोण कुणाला गाठणार, हे सांगायला नको.

आणि वेग हा नंतरचा प्रश्न. मांजरकुळातल्या जनावराला पळणारी गोष्ट दिसली की मागे लागायची उबळ येते. सायकलवर आपण हँडलवर ओणवे असतो, पाठ आडवी, मान पुढे, मातीवर टायरचा आवाजही फारसा नाही. उभा माणूस बिबट्याला भक्ष्यासारखा वाटत नाही. वाकलेला आणि पळणारा मात्र वाटू शकतो.

याचा दाखला अमेरिकेतला आहे, प्यूमाचा, म्हणजे तिकडच्या मांजरकुळातल्या मोठ्या शिकारी जनावराचा. प्यूमा म्हणजे बिबट्या नव्हे हे मान्य, पण पाठलागाची उबळ तीच. मे २०१८मध्ये वॉशिंग्टन राज्यात नॉर्थ बेंडजवळ दोन सायकलस्वारांच्या मागे प्यूमा लागला. दोघं उतरले, ओरडले, सायकलीने त्याला हुसकावलंही. ते सावरत होते तेवढ्यात तो परत आला आणि त्याने एकाचं डोकं धरलं. दुसरा धावत सुटला. प्यूमाने तोंडातला माणूस सोडला आणि पळणाऱ्याच्या मागे गेला. पळालेला वाचला नाही. डोकं धरलं गेलेला जखमी होऊन वाचला. पळणाऱ्याला दोष द्यायला मी हे सांगत नाही, त्या क्षणी कुणाचंही तसंच होईल. पण जे शरीर आपोआप करू पाहतं, तेच 'नियम' म्हणून मुलांना पाठवायचं?

मग करायचं काय? दोन्ही ब्रेक दाबून थांबा, पाय जमिनीवर टेका. उतरून सायकल आडवी धरा, आपल्या आणि बिबट्याच्या मध्ये. एक हात हँडलवर पुढचा ब्रेक दाबलेला, दुसरा सीटवर. ताठ उभे राहा, पाठ फिरवू नका, खणखणीत आवाजात बोला. जनावर लांब असेल आणि त्याला निघायला वाट असेल तर ते बहुतेकदा स्वतःच निघून जातं. तुम्ही सायकल मध्ये धरूनच एकेक पाऊल मागे सरका. ते जवळ येऊ लागलं तर आवाज वाढवा, हात उंच करा. दगड उचलायला वाकू नका, वाकलं की आपण लहान दिसतो. जर्सीच्या मागच्या खिशातला पंप किंवा ट्यूब फेका. पाठीवरची पाण्याची बॅग काढू नका, मानेमागे ती आडवी येते. अंगावर आलंच तर पुढचं चाक त्याच्या तोंडावर घाला आणि मान सांभाळा. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच वॉशिंग्टनमध्ये काही सायकलस्वार बायकांनी मैत्रिणीवर आलेल्या प्यूमाला मदत येईपर्यंत सायकलखाली दाबून धरलं होतं.

बिबट्या दिसेनासा झाला की लगेच सायकलवर बसू नका. नॉर्थ बेंडचा प्यूमा परत आला होता, हे विसरू नका. निदान दोनशे मीटर चालत जा, मागे बघत.

यात अडचण होते ती क्लीटची, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याची. पाय पेडलमध्ये अडकलेला असतो, घाबरून टाच बाहेर फिरवायचं सुचत नाही, आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. बिबट्यासमोर आडवं पडण्याइतकी वाईट गोष्ट नाही. अशा ट्रेलवर साधे पेडल लावा. नाहीतर ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) पेडलच्या स्प्रिंगचा ताण कमी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा नियम : "झाडावर चढा." बिबट्या स्वतःच्या वजनाइतकी शिकार जबड्यात धरून झाडावर नेतो. यावर आणखी काय लिहायचं!

तिसरा : "सकाळी सहा ते नऊ सुरक्षित." पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या हालचालीच्या वेळा, आणि सायकलवाल्यांच्याही त्याच. चांगलं उजाडल्यावर निघा. हँडलला सतत वाजणारी घंटा बांधा, इयरफोन घरी ठेवा, आंधळ्या वळणाआधी आवाज द्या. ग्रुपमध्ये लहान मुलं मध्ये हवीत, शेवटी नकोत. वाटेत मेलेल्या जनावराचा वास आला किंवा पिल्लं दिसली, तर तिथूनच मागे फिरा.

चौथा नियम टॉर्चचा, "डोळ्यांवर मारली की बिबट्या आंधळा होतो." होत नाही. अंधारात टॉर्च हवीच, पण ती त्याचे डोळे चमकताना दिसावेत म्हणून. त्यासाठी हेल्मेटवरचा दिवा चांगला, तो नजरेबरोबर फिरतो आणि डोळ्यांतून परतलेला उजेड आपल्याच डोळ्यांकडे येतो. हँडलवरचा दिवा फक्त वाट दाखवतो.

पाचवा : "हेल्मेटच्या मागे डोळे चिकटवा." यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. बोट्स्वानात गुरांच्या पाठीमागे डोळे रंगवून चार वर्षं पाहिलं; २०२०मध्ये निष्कर्ष छापून आले. डोळेवाल्या ६८३ गुरांपैकी एकही हल्ल्यात मेलं नाही, काहीच न रंगवलेल्या ८३५पैकी १५ मेली. पण ती गुरं होती, आणि धोका मुख्यतः सिंहांचा. शिवाय जनावराला अशा गोष्टींची सवय होऊ शकते, आणि चढावर मान खाली गेली की हेल्मेटवरचे डोळे आभाळाकडे बघतात. चिकटवायचे तर चिकटवा, त्यांच्या भरवशावर पहाटे एकटं जाऊ नका.

सहावा : "बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी करा, पकडून लांब सोडला की ट्रेल मोकळा." हा प्रयोग जुन्नर परिसरात होऊन गेलाय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आकडे आहेत : १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले, पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडायला लागल्यावर ते १७वर गेले. नुसता दिसलेला बिबट्या हा पिंजऱ्याचा विषय नाही. तो जखमी असेल, विहिरीत पडला असेल किंवा माणसावर आला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जागा नेमकी सांगा, मोबाईलवरचं लोकेशन जपून ठेवा, आणि त्याचा फोटो काढायला एक पाऊलही पुढे जाऊ नका.

भाचीला एवढंच कळवलंय की पहिला नियम आधी पुसून टाक, आणि रविवारी निघण्याआधी सायकल घेऊन ये, पेडल बदलून देतो.