टेबल नाही, माळवद आहे : वसमतच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

भूकंपासाठी घर कसं तयार ठेवावं या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी ते थोडक्यात सांगते. काका हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले, घर माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर टाकलेल्या सपाट छपराचं. त्यांचं म्हणणं असं : "तुम्ही टेबलाखाली बसा म्हणता. आमच्या घरात टेबल नाही, आणि असतं तरी वरून माळवद आल्यावर त्याचा चुरा झाला असता. किल्लारीत बाहेर पळाले तेच वाचले. माझी आई ऐंशीच्या पुढं आहे, तिला ना पळता येतं ना खाली वाकता येतं, तिचं काय करू ते सांगा. आमच्याकडं जमिनीतून आवाज येतात, धक्के बसतात, कित्येक वर्षं हे चाललंय, घराचा चिरा हलला नाही. लहान धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो. उगाच लोकांना घाबरवू नका. आणि घर पाडून बांधायला पैसा कोण देणार?"

टेबलाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझं चुकलं. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर लातूरमधली स्लॅबची घरं आणि अपार्टमेंट होती. तिथं "खाली वाका, आडोसा घ्या, धरून ठेवा" हाच सल्ला योग्य आहे, कारण नीट बांधलेला स्लॅब सहसा एकदम अंगावर येत नाही. तिथं माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या कपाटानं, फुटणाऱ्या काचेनं आणि जिन्यावरच्या धावपळीत. पण मराठवाड्यातल्या जुन्या गावांत बरेच लोक अजून दगड-मातीच्या घरात राहतात, आणि मी त्यांच्यासाठी वेगळं काही लिहिलं नाही. मी स्वतः माळवदाच्या घरात वाढलेली असून हे विसरले, याचं मला वाईट वाटतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

माळवदाचं वजन किती असतं ते आपण कधी मोजत नाही. दहा बाय दहाची खोली धरा. दर उन्हाळ्यात वर थोडी पांढरी माती पडते, आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आणि थर दोन फुटांवर जातो. म्हणजे दोनशे घनफूट माती. कोरडी धरली तरी ती नऊ टनांच्या आसपास भरते, पावसात भिजली की आणखी. एका खोलीवर नऊ टन, आणि ते पेलायला खाली खांब, तुळया आणि मातीत रचलेला दगड.

ती दगडी भिंत दिसायला बुरुजासारखी असते, दोन-अडीच फूट जाड. बांधकामावर काम करायला लागल्यावर मला कळलं की आत पाहिलं तर दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि मधे खडी-माती कोंबलेली असते. दोन्हींना एकत्र धरून ठेवणारा, आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत घातलेलाच नसतो. जमीन हादरली की मधली माती खाली बसते, पाचरीसारखी दाबते, बाहेरची भिंत बाहेर पडते आणि आतली आत, झोपलेल्या माणसावर. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीत हेच झालं. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. जगात त्याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि कित्येकदा कुणाचा जीवही जात नाही. आपल्याकडं काही सेकंदांत हजारो माणसं गेली, 52 गावं नव्यानं वसवावी लागली. भूकंप उथळ होता, माणसं गाढ झोपेत होती, आणि डोक्यावर व उशाशी हे असं ओझं होतं.

आता पळण्याबद्दल. इथं मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. माळवदाच्या घरात, तळमजल्यावर, दार चार पावलांवर आणि दाराबाहेर मोकळं अंगण असेल, तर पळा. ताबडतोब पळा, पांघरूणसुद्धा सोडून. माझ्या आधीच्या लेखात हे असायला हवं होतं. पण दाराबाहेर बोळ असेल तर? आपल्या जुन्या गावठाणात दोन्हीकडं दगडी भिंती आणि मधे चार-पाच फुटांची वाट असते. घरातून सुटलेला माणूस त्या वाटेवर दोन भिंतींच्या मधे सापडतो.

आणि दार उघडलं तर पळाल ना! त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून लांब नाही. गणपती विसर्जन करून सगळे उशिरा झोपले होते. मला जाग आली ती आवाजानं, कुणी अंगणात ट्रकभर दगड ओततंय असा. वडील दाराकडं धावले आणि कडी निघेना. चौकट तिरपी झाली होती, फळ्या तिच्यात घट्ट आवळल्या होत्या. त्यांनी खांद्यानं धडका मारल्या, कडी उखडली तेव्हा हादरे थांबलेसुद्धा होते. आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, आत पडली नाही, म्हणून मी आज हे लिहिते आहे. आजी मात्र भिंतीलगत, पितळी भांड्यांच्या उतरंडीखाली झोपायची. सगळी उतरंड तिच्या पायांवर आली. पाय मोडला तो पुन्हा नीट जुळला नाही, पुढची अकरा वर्षं ती काठीवर चालली. तिची बाज चार हात अलीकडं असती तर तिला ओरखडाही आला नसता. गेल्या तीस वर्षांत मी ज्या ज्या घरात गेले, तिथं आधी लोक कुठं झोपतात तेच बघते.

म्हणून काका, तुमच्या आईंबद्दल तुम्ही विचारलंत तो तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांना पळता येत नाही त्यांच्यासाठी तयारी आधीच करावी लागते, हादरा सुरू झाल्यावर काहीच करता येत नाही. आई माळवदाखाली झोपत असतील तर त्यांची झोपायची जागाच बदला. घराला पत्र्याची ओसरी असेल तर बाज तिथं टाका, दगडी भिंतीपासून शक्य तितकी लांब, मोकळ्या बाजूला. ओसरी नसेल तर निदान भिंतीजवळून काढून खांबांच्या मधे आणा. किल्लारी भागात बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला लोकांनी पाहिला आहे. तो वाचवेलच अशी हमी मी देणार नाही, पण भिंतीच्या पायथ्यापेक्षा ती जागा नक्की बरी. उशाशी फडताळ, कोनाड्यातल्या जड वस्तू, भिंतीवर टांगलेली मोठी तसबीर, यातलं काही नको. हादरा बसला तर त्यांनी उठायचा प्रयत्न करायचा नाही, कुशीवर वळून उशी डोक्यावर आणि मानेवर धरायची. हे त्यांना दोन-तीनदा करून दाखवा. अंधारात, झोपेतून दचकून उठल्यावर माणसाला नवीन काही सुचत नाही, हाताला सवय असेल तेच होतं.

पण ओसरीवर बाज टाकायच्या आधी शिडी लावून पत्र्यावर चढा. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून आपण वर धोंडे ठेवतो. मार्च 2024 मध्ये तुमच्या भागात धक्के बसले तेव्हा प्रशासनानं पत्र्यावरचे दगड काढून घ्या असं आवाहन केलं होतं. किती जणांनी काढले? दगड डोक्यात पडला तर माणूस जाऊ शकतो, आणि आपण तिथं पाच-पाच किलोचे ठेवतो. पत्रा हुकानं आणि वॉशर घालून आवळून घ्या, तुटक्या पत्र्याला पट्टी मारा. ज्या घरात हलकं छप्पर आहे त्या घरानं भूकंपाची अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते, आणि आपणच वर दगड नेऊन ठेवतो.

आता लहान धक्क्यांनी जोर निघून जातो, हे म्हणणं. हे मला गावोगाव ऐकू येतं आणि यातून येणारा निर्धास्तपणा मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोली भागात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. 4.5 आणि 6.2 हे आकडे शेजारी-शेजारी वाटतात. पण तीव्रता एक अंकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा बत्तीस पटींच्या आसपास वाढते. किल्लारीच्या एका भूकंपात तुमच्या त्या धक्क्यासारख्या साडेतीनशे धक्क्यांइतकी ऊर्जा होती. तुमचं घर 4.5 ला टिकलं याचा आनंद आहे, पण ती परीक्षा त्या वर्गाची नव्हती. किल्लारीतसुद्धा आदल्या वर्षी, 1992 मध्ये धक्के बसत होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग काही होत नाही असं म्हणून घरात गेले.

याचा अर्थ वसमतला मोठा भूकंप येणार असा नाही. लहान धक्क्यांच्या मालिका पुष्कळदा तशाच विरून जातात. कधी, कुठं, किती मोठा, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर तारीख-वेळ घालून फिरणारा निरोप हमखास खोटा असतो. पण आपला भाग सुरक्षित आहे असंही आता कुणी म्हणू शकत नाही. 1993 मध्ये भूकंपाच्या नकाशावर किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 2002 च्या नकाशात तो भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गेला. नकाशा माणसं गेल्यावर बदलला.

पैशाचं. घर पाडा असं मी कुठंही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. झोपायची जागा बदलायला पैसा लागत नाही. उतरंड आणि पेट्या खाली उतरवायला, गोदरेजचं कपाट भिंतीत पट्टीनं आवळायला शंभर-दोनशेच्या वर खर्च नाही. त्यानंतर हातात थोडे पैसे आले की सगळ्यात आधी माळवदावरची माती कमी करा. पावसाळा संपल्यावर, दोन्ही बाजूंनी सारखी काढत, एका कोपऱ्यात ढीग न लावता. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून सात-आठ इंचाचा थर ठेवला तरी गळत नाही आणि उन्हाळ्यात घर थंड राहतं. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं दोन्हीकडून तिरपे लाकडी टेकू ठोकून घ्या, म्हणजे सांगाडा एका बाजूला लवंडत नाही. भिंतीला तीन-साडेतीन फुटांवर आरपार भोकं घेऊन त्यात सळई आणि काँक्रीट भरलं की आतली-बाहेरची भिंत एकमेकींना धरून राहतात. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जुनी घरं मजबूत करायला सांगितलेल्या या पद्धती आहेत, मी नवीन काही शोधलेलं नाही. भोकं मात्र एकेक करून, सावकाश घ्यायची, आणि गवंड्याला हे काम माहीत नसेल तर हात लावू द्यायचा नाही.

भिंत तपासायची सोपी रीत सांगते. गवंड्याचा ओळंबा घ्या, नाहीतर दोरीला दगड बांधा. भिंतीच्या वरच्या टोकापासून सोडा आणि बाजूनं बघा. मधेच भिंत दोरीला टेकत असेल आणि खाली-वर अंतर दिसत असेल तर भिंतीला पोट सुटलं आहे. तिच्या दोन्ही अंगांना आजपासून कुणी झोपायचं नाही, बाहेरच्या बाजूला गुरंसुद्धा बांधायची नाहीत.

स्लॅबचं घर बांधलं म्हणजे सुटलो असंही समजू नका, हे तुमच्या मुलाला सांगा, तो नवीन बांधतोय असं तुम्ही लिहिलंय. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत, काटकोनात नुसती दुमडलेली नकोत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हे काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशीच बघता येतं. त्या दिवशी त्यानं साइटवर स्वतः उभं राहावं.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच, नुसती आठवण करते. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली दारालगत खिळ्याला. चप्पल आणि बॅटरी बाजेखाली. हादरा थांबला की सिलिंडरचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन बंद, काडी ओढायची नाही. आणि दागिन्यांसाठी, कागदांसाठी पुन्हा आत जायचं नाही, नंतरचे धक्के अर्धवट सुटलेल्या भिंती पाडतात. कागदपत्रांच्या झेरॉक्स लेकीच्या घरी ठेवून द्या.

घाबरवायचा माझा हेतू नव्हता. माझ्या आजीला कुणी बाज सरकवायला सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहिते.

काका, एक विनंती आहे. तुमच्या मागच्या भिंतीला ओळंबा सोडून त्याचा बाजूनं एक फोटो काढा, आणि खांब-तुळईच्या सांध्याचा एक. ब्लॉगवर दिलेल्या पत्त्यावर पाठवा, मी बघून कळवते. तोवर आईंची बाज मात्र आज अंधार पडायच्या आत हलवा.