दोघांत मिळून एकशे चाळीस टक्के

सर, अभिनंदन. प्राध्यापकाच्या नोकरीची ऑर्डर हातात पडली, पेढे वाटून झाले, आता तुम्ही संशोधक झालात. संशोधन म्हणजे काहीतरी शोधायचं असतं, हा गैरसमज मात्र स्टाफरूमच्या बाहेर चपलांशेजारी काढून ठेवा.

आधी गणित शिका. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके ११२८ चा शिलालेख तुम्हाला ठाऊक असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. खान्देशात गणिताचं अभ्यासकेंद्र आठशे वर्षांपूर्वीच निघालं होतं. पण त्या आजोबांनाही सुचलं नसतं असं गणित विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत मांडलंय. बढतीसाठी भाषा आणि मानव्यविद्यांत एका शोधनिबंधाला १० गुण. एकट्याने लिहिलात तर १०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात आणि सात चौदा. पाच जणांनी लिहिला तर पहिल्याला ७० टक्के, उरलेल्या चौघांना प्रत्येकी ३०, बेरीज १९. निबंध तोच, पानं तीच सहा.

तेव्हा एकट्याने लिहिण्याचा करंटेपणा करू नका. विभागात पैशांची भिशी असतेच, तशीच निबंधांची लावा. या महिन्यात पहिलं नाव तुमचं, पुढच्या महिन्यात मॅडमचं. निबंध कोणी लिहिला हे विचारू नये. भिशीत कोणी कोणाला पैसे कुठून आणले हे विचारतं का?

एकट्याने राबणाऱ्यांचं उदाहरण आपल्या धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. राष्ट्रीय प्रकाशनाच्या संपादित ग्रंथाला आज ८ गुण, म्हणजे झाले १७६. पण कागदपत्रांसाठी पायपीट केली, त्याचा रकाना आहे का तक्त्यात? नाही. आणि चर्चासत्राचं प्रमाणपत्र तर एकही नाही. बहिणाबाईंची तर गोष्टच सोडा. ज्यांचं नाव २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला दिलं, त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि कविता पुस्तकात आल्या त्या त्यांच्या पश्चात, १९५२ साली. बढतीच्या मुलाखतीला त्या कामाच्या नाहीत. प्रबंधाला विषय म्हणून मात्र उत्तम.

निबंध छापायचा कुठे, ही चिंता करू नका. आयोगाने २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिकं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून उडवली, तेव्हा आपल्याकडे दोन दिवस सुतक होतं. मग 'केअर' नावाची यादी आली. तीही २०२५ मध्ये बंद झाली आणि सगळ्यांचीच केअर मिटली. उचलेगिरीचे नियम वाचून ठेवा. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. मधल्या पट्ट्यात राहू नये म्हणून इंग्रजीतलं मराठीत आणा. सॉफ्टवेअर बिचारं जिथलं आहे तिथलं, त्याला आपली भाषा काय कळते!

आता चर्चासत्र. हे डिसेंबर-जानेवारीतच घ्या. मे महिन्यात ४५ अंशांत ज्ञान वितळतं, आणि भरताची वांगीही तेव्हा चांगली नसतात. संयोजन समितीच्या बैठकीला आवर्जून बसा. वांगी बामणोदचीच का, ती कपाशीच्या काट्यांवर भाजायची की गॅसवर, सोबत पुरी की कळण्याची भाकरी, यावर दोन तास वाद होतो. प्रत्येक जण आपल्या गावचा दाखला देतो, प्रतिवाद ऐकून घेतो, मत बदलतोसुद्धा. खरं सांगतो, एवढी मोकळी आणि पुराव्यानिशी झालेली चर्चा मी कुठल्याही चर्चासत्रात ऐकलेली नाही. चर्चासत्र 'आंतरराष्ट्रीय' करायचं असेल तर काठमांडूचा एक पाहुणा ऑनलाइन बसवा. त्याचा आवाज आला नाही तरी चालतं, चेहरा दिसला पाहिजे. निबंधवाचन जेवणानंतर ठेवा. प्रत्येकाला चार मिनिटं. अध्यक्ष डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी 'अत्यंत अभ्यासपूर्ण' म्हणतात, तेव्हा ते भरताबद्दल बोलत असावेत असा मला संशय आहे.

विद्यार्थ्यांपासून जरा जपून. 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करायचं म्हटलं की एखादं शिंदखेड्याकडचं पोर दबकत येईल आणि म्हणेल, "सर, मना बापनी वही शे." वहीत बारा-पंधरा वर्षांचा हिशेब असतो: कपाशी कधी लावली, पाऊस कधी आला, बोंडअळी कुठल्या आठवड्यात दिसली, फवारणीला किती गेले. असली वही हातात घेऊ नका. ती वाचावी लागते, मग त्या बापाला भेटावं लागतं, मग शेतात जावं लागतं, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपते. त्याला सांगा, विषय बदल. 'कापूस उत्पादकांच्या समस्या: एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ शिंदखेडा तालुका'. प्रश्नावली तयार मिळते. निष्कर्षही मिळतात, तालुका तेवढा बदलायचा. आणि विद्यापीठाच्या 'युवारंग' युवक महोत्सवात हेच पोर अहिराणी एकांकिका स्वतः लिहून, बसवून बक्षीस घेऊन आलं, तर सत्काराला पुढे उभे राहा. मार्गदर्शन तुमचंच.

राहता राहिले ग्रंथालयातले शिपाई आप्पा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये तीन वह्या आहेत, अहिराणी म्हणींच्या. आईच्या, आजीच्या, बाजारातल्या बायांच्या तोंडून ऐकलेल्या. कोण, कुठलं गाव, कधी ऐकली, सगळं शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला गुणांचा तक्ता लागू नाही, त्यामुळे त्यांना काही कमी पडत नाही. तुम्ही झेरॉक्स काढा आणि निबंधाच्या शेवटी आभार माना. नाव चुकलं तरी ते काही म्हणत नाहीत.

शेवटी समूहछायाचित्र. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषाला, म्हणजे संशोधन आणि विस्तारकार्याला, पुरावा लागतो आणि तो जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद, असलेला लागतो. बॅनर पूर्ण दिसला पाहिजे, प्राचार्य मध्ये, पाहुणे उजवीकडे, तुम्ही पहिल्या रांगेत. फोन आप्पांच्या हातात द्यायचा, त्यांना ॲप चालवता येतं. "सर, जराखं मांगे सरका," असं ते म्हणतील, सरका. कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं उमटतं. कधीकधी काठावर त्यांचं बोट आलेलं असतं, तेवढं अपलोड करण्याआधी कापून घ्या.